पदवी आणि अधिकार

मानसशास्त्रात एम. ए. केले की रुग्णांवर उपचार करता येतात, असा समज अनेक विद्यार्थ्यांचा व पालकांचा असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून व्यवसाय करावयाचा, तर १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. ती परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम पूर्ण केल्यावरच होते. नोंदणीवाचून व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

अर्ज भरताना मात्र चौकशी होते ती शुल्काची आणि वसतिगृहाची. शिक्षणाची खरी किंमत केवळ शुल्कात नसते. त्या दोन वर्षांत बुडालेल्या मिळकतीतही असते. मध्यमवर्गीय घरात ती मिळकत म्हणजे कित्येकदा धाकट्या भावंडाचे शिक्षण. म्हणून अर्जापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : अभ्यासक्रमास परिषदेची मान्यता आज आहे काय? प्रत्यक्ष प्रशिक्षण कोणत्या रुग्णालयात मिळेल? त्यावर देखरेख कोणाची?

संशोधनाकडे वळणाऱ्यास ही नोंदणी लागत नाही, आणि तो मार्गही कमी प्रतिष्ठेचा नाही. पण आपला मार्ग कोणता, हे पदवी हाती पडल्यावर नव्हे, अर्ज भरण्यापूर्वी ठरावयास हवे. या प्रश्नांची लेखी उत्तरे न देणाऱ्या संस्थेचा अर्ज कोराच राहिलेला बरा.