मुलीच्या हातातली हॉकी स्टिक

२६ जानेवारी २०२५, प्रजासत्ताक दिन. रांचीच्या मैदानावर सातारा जिल्ह्यातल्या ऋतुजा दादासो पिसाळ या मुलीने दोन गोल केले आणि आपल्या संघाला विजेतेपद मिळवून दिले. महिला हॉकी इंडिया लीगचा तो अंतिम सामना होता. ओडिशा वॉरियर्सकडून खेळताना ऋतुजाने २० व्या मिनिटाला पहिला गोल केला. २८ व्या मिनिटाला सूरमा हॉकी क्लबच्या पेनी स्क्विबने बरोबरी साधली. सामना संपायला चार मिनिटे उरली असताना ऋतुजाने पुन्हा चेंडू जाळ्यात धाडला. ओडिशा २, सूरमा १.

क्रिकेटपटूंच्या धावा आपल्या पोरांना तोंडपाठ असतात. पण या मुलीचे नाव आपल्यापैकी किती घरांत घेतले गेले?

हॉकी इंडिया लीग २०१३ साली सुरू झाली. पाच हंगाम झाले आणि २०१७ नंतर ती बंद पडली. ते पाचही हंगाम पुरुषांचे होते. सात वर्षांनी, २०२४ च्या डिसेंबरअखेर लीग पुन्हा सुरू झाली, तेव्हा तिच्यात मुलींना प्रथमच जागा मिळाली. पुरुषांचे संघ आठ, मुलींचे चार : ओडिशा वॉरियर्स, सूरमा, दिल्ली एसजी पायपर्स आणि बंगाल टायगर्स. १२ ते २६ जानेवारी असे पंधरा दिवस मुलींचे सामने चालले. चोवीस जणींच्या संघात किमान सोळा भारतीय आणि त्यांत चार ज्युनिअर मुली असल्याच पाहिजेत, असा नियम होता. हा नियम महत्त्वाचा आहे. त्यामुळे कालपर्यंत शाळेच्या मैदानावर खेळणारी मुलगी परदेशी ऑलिंपिक खेळाडूच्या शेजारी उभी राहू शकली.

आता थोडा हिशेब पाहू. लिलाव हा शब्द माणसांच्या बाबतीत कानाला बरा वाटत नाही, पण खेळाडूंची निवड तशीच झाली. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी मुलींचा लिलाव झाला. पुरुषांच्या प्रत्येक संघाला खेळाडू घेण्यासाठी चार कोटी रुपये, मुलींच्या संघाला दोन कोटी. मैदान तेवढेच, साठ मिनिटे तेवढीच, घाम तेवढाच. मोल मात्र निम्मे! विजेत्याच्या बक्षिसाचेही तसेच : पुरुषांना तीन कोटी, मुलींना दीड कोटी.

दोन कोटींना चोवीसने भागले तर प्रत्येकीच्या वाट्याला सरासरी आठ लाख तेहतीस हजार येतात. पण सरासरी फसवी असते. सर्वात जास्त बोली हरियाणाच्या उदितावर लागली, ती बत्तीस लाखांची. सर्वात खालची पायाभूत किंमत होती दोन लाख. तरीही पंधरा दिवसांच्या खेळाचे दोन लाख म्हणजे गरीब घरात छपरावरचे नवे पत्रे आणि धाकट्या भावंडांची फी. मुलीच्या खेळातून घरात पैसा येतो, हे त्यामुळे आईबापांना दिसले.

या मुली आल्या कुठून? सूरमाकडून खेळणारी सलीमा टेटे झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यातली. तिकडची आदिवासी मुले बांबूच्या काठीने हॉकी शिकतात. सलीमाही तशीच शिकली आणि भारताची कर्णधार झाली. बंगालच्या संघात होती हरिद्वारजवळच्या रोशनाबादची वंदना कटारिया. तिची गोष्ट तर आपण घरातल्या मुलांना सांगितलीच पाहिजे. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तिने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये अशी हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच स्पर्धेत भारत उपांत्य सामना हरला, तेव्हा तिच्या घरासमोर फटाके वाजवले गेले आणि तिच्या कुटुंबाला जातीवरून शिवीगाळ झाली. कुटुंबाने पोलिसांत तक्रार केली, अटकही झाली. आणि वंदनाने काय केले? दोन दिवसांनी ब्रिटनविरुद्ध ती मैदानात उतरली आणि तिने गोल केला. एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय हॉकीतून निवृत्त झाली तेव्हा तिच्या नावावर ३२० सामने आणि १५८ गोल होते.

अंतिम सामना झाला त्या मैदानाला जयपाल सिंह मुंडा यांचे नाव आहे. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताने हॉकीचे पहिले सुवर्णपदक जिंकले, त्या संघाचे ते कर्णधार. पुढे तेच आदिवासींचा आवाज होऊन घटना समितीत बसले. त्यांच्या नावाच्या मैदानावर, प्रजासत्ताक दिनी, शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या लेकी खेळल्या, याचा आनंद कोणाला होणार नाही?

मात्र नुसत्या आनंदावर थांबून चालणार नाही. लीग पंधरा दिवसांची असते. वर्षाचे उरलेले साडेअकरा महिने खेळाडूला सराव, पोटभर सकस जेवण आणि पुढे नोकरी लागते. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी कृत्रिम हिरवळीवर खेळली जाते. ती हिरवळ गावाला किंवा वस्तीला परवडत नाही; ती शासनानेच घातली पाहिजे. लीगच्या मालकांनी तयार खेळाडू विकत घेतल्या, त्या घडल्या सरकारी मैदानांवर आणि क्रीडा वसतिगृहांत. फलटण तालुक्यातल्या आसू गावची वैष्णवी फाळके पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून भारताच्या संघात गेली. प्रबोधिनीत निवड झालेल्या मुलांचे राहणे, जेवण, शिक्षण आणि प्रशिक्षण शासनाच्या खर्चाने होते. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. ही माहिती आपल्या वस्त्यांत पोचते का?

म्हणून आईवडिलांना विनंती आहे. मुलगी मैदानावर जाते म्हणाली तर ‘पोरीच्या जातीला हे शोभत नाही’ असे म्हणू नका. तिची शाळा सोडू देऊ नका, कारण एका दुखापतीने खेळ थांबू शकतो. शिक्षण थांबत नाही. शाळेत जाऊन खेळाच्या शिक्षकांना भेटा. प्रबोधिनीच्या चाचण्या केव्हा असतात ते विचारा. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याचे कार्यालय आपल्यासाठीच उघडे आहे. तिथे अर्ज घेऊन जा. वस्तीतले मैदान कोणी बळकावत असेल तर मंडळाच्या कार्यकर्त्यांनी आधी त्यासाठी उभे राहावे. मैदान राहिले तर मुली खेळतील, आणि खेळल्या तर उद्या त्यांतलीच एखादी रांचीला पोचेल.