सेंद्रिय काय घ्यावे?

सेंद्रिय माल महाग. सगळी पिशवी त्यानेच भरणे बहुतेक घरांना परवडत नाही. तेव्हा निवड करताना आधी पाहावे, की फवारा जिथे बसतो तोच भाग आपण खातो का? नारळ, केळी, कांदा यांची साल आपण टाकून देतो. तिथे जादा पैसे मोजण्याची निकड कमी. द्राक्षे, मिरची, मेथी, कोथिंबीर मात्र जशीच्या तशी पोटात जातात. धुतल्याने वरवरचे औषध कमी होते. आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात भिनते, ते धुऊन निघत नाही. २०१० साली युरोपात भारतीय द्राक्षे अडली ती क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशामुळे. पाकिटावर ‘जैविक भारत’चे चिन्ह पाहावे, नुसते ‘नैसर्गिक’ लिहिलेले असणे हा पुरावा नव्हे.

हा झाला ताटाचा हिशेब. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात पिकांवर, मुख्यतः कपाशीवर, फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कपाशी काही आपण भाजी म्हणून आणत नाही. म्हणजे सालीवरून केलेली यादी खाणाऱ्याला जपते, फवारणाऱ्याला नाही. जिथे चार पैसे जास्त देणे शक्य आहे, तिथे त्याचाही विचार व्हावा.