कशेळीच्या सड्यावर

रत्नागिरी सोडून भाट्याचा पूल ओलांडला की गाडी चढणीला लागते आणि गोळपच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर येते. उजव्या हाताला समुद्र, कधी आंब्याच्या बागांआड, कधी एकदम पायाखाली. रेवस ते रेडी या सागरी महामार्गाचा हा तुकडा. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून ज्याची चर्चा ऐकतो तो रस्ता अजूनही सलग झालेला नाही. पण रत्नागिरी ते आडिवरे हा टप्पा म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना घेऊन सावकाश करावा असाच आहे.

रत्नागिरीतलं टिळकांचं घर आणि थिबाचा राजवाडा सगळ्यांना ठाऊक आहेत, म्हणून पुढच्या वाटेचंच सांगते. पावसला स्वरूपानंदांच्या समाधीपुढे सासूबाई बराच वेळ बसल्या. पूर्णगडावरून मुलांनी मुचकुंदी नदीचं मुख पाहिलं. गावखडीच्या सुरूच्या बनात डबे उघडले, आणि दुपार कलायच्या आत कशेळी गाठली.

कशेळीला सडा अचानक संपतो आणि काळा कडा सरळ समुद्रात उतरतो. त्या कड्याच्या पोटात देवघळी आहे. सूर्याच्या मूर्ती घेऊन प्रभासपट्टणहून दक्षिणेकडे निघालेलं एका व्यापाऱ्याचं गलबत या कड्यासमोर अडलं, असं गावात सांगतात. काही केल्या ते हलेना. शेवटी व्यापाऱ्याने एक मूर्ती घळीत आणून ठेवली आणि गलबत सुटलं. गावात कनका नावाची सूर्यभक्त गणिका राहत होती. तिला दृष्टांत झाला. गावकऱ्यांना घेऊन ती घळीत उतरली, मूर्ती वर आणली, देऊळ उभारलं. तो हा कनकादित्य. देवाच्या आधी त्या बाईचं नाव येतं, हे सासूबाईंना फार आवडलं, मलाही. देऊळ जुन्या कोकणी धाटणीचं आहे, लाकडी सभामंडपावर कोरीवकाम आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याने कशेळी गाव दान दिल्याचा शके १११३चा, म्हणजे इसवी सन ११९१चा ताम्रपटही इथलाच.

देवळाबाहेर भेटलेले एक काका आम्हाला सड्यावर घेऊन गेले. पिवळं पडत चाललेलं गवत आणि मधे उघडा जांभा. त्या जांभ्यात दोन-तीन बोटं खोल एक चर गेला होता. थोरला त्या चरावरून चालत निघाला, लांबवर वळला, पुन्हा वळला आणि तिथूनच ओरडला, "आई, ही सोंड आहे!" हत्ती इतका मोठा आहे की जवळ उभं राहून तो दिसतच नाही. त्याच्या अंगात मासे, पक्षी, जनावरं कोरलेली आहेत. काका म्हणाले, "गुरं राखायला यायचो तेव्हा ह्याच्यावरनंच चालत जायचो. कोण बघतंय?" सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या रत्नागिरीकरांनी सडे पायी तुडवून अशी कातळशिल्पं शोधली, लोकांपुढे आणली. २०२२ मध्ये त्यांतली काही युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली.

तरीही सड्याला आपल्याकडे पडीक जमीनच समजतात. येताना वाटेत चिरेखाणी लागल्या. यंत्राचं पातं जांभ्यात उतरत होतं, लाल धुळीने आजूबाजूची झाडं माखली होती. चिऱ्याशिवाय कोकणात घर नाही, हे मान्य. पण खाणीला परवानगी देण्याआधी त्या कातळावर काही कोरलेलं आहे का, एवढं तरी कोणी बघावं. शिवाय पावसाळ्यात हाच जांभा पाणी पितो आणि खालच्या वाड्यांमधल्या झऱ्यांना, विहिरींना पुरवतो. काकांच्या वाडीची विहीर पूर्वी मेपर्यंत टिकायची, आता मार्चलाच तळ दिसतो, असं ते म्हणाले. खाणींशिवाय आता नवी हॉटेलं आहेत; ती समुद्राकडची जागा मागतात आणि मिळाली की आधी कुंपणाची भिंत घालतात. रस्त्यावरून दिसणारा समुद्र असा थोडा थोडा झाकला जातोय, याचं मला फार वाईट वाटतं.

माघात रथसप्तमीला कशेळीत कनकादित्याचा उत्सव असतो. तेव्हा कालिकावाडीहून कालिकादेवी वाजतगाजत येते आणि देवाशी तिचं लग्न लागतं. हे ऐकल्यावर सासूबाईंनी काकांकडून तिथी नीट विचारून घेतली आणि गाडीत बसता बसताच मुलांच्या शाळेच्या सुट्ट्या कधी आहेत ते मला विचारलं.