प्लवक वाढले म्हणून ऑक्सिजन वाढत नाही

समुद्राच्या प्रदूषणाचा विषय निघाला, की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. खत म्हणजे काही विष नव्हे, ते वनस्पतींचे अन्न आहे. नदीवाटे ते समुद्रात गेले तर वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म वनस्पतिसदृश जीव, वाढतील. जगातला निम्मा ऑक्सिजन हेच प्लवक तयार करतात. मग समुद्रातला ऑक्सिजन वाढायलाच हवा, कमी कसा होईल? चांगली शिकलेली माणसे हे छातीठोकपणे सांगतात आणि ऐकणाऱ्यांना ते पटतेही. त्यातले जवळजवळ प्रत्येक विधान सुटे घेतले तर बरोबर आहे. निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे.

किती चुकीचा, ते बघायचे तर अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याचा किनारा गाठावा लागेल. तिथे मिसिसिपी नदी मेक्सिकोच्या आखाताला मिळते. नॅन्सी रॅबले या सागरी शास्त्रज्ञ १९८५ पासून या भागातल्या पाण्याचे मोजमाप करत आल्या आहेत. दर उन्हाळ्यात, बहुधा जुलैच्या अखेरीस, संशोधन नौका किनाऱ्यालगत ठरलेल्या ठिकाणी थांबते, उपकरण तळापर्यंत सोडले जाते आणि प्रत्येक खोलीवर विरघळलेला ऑक्सिजन किती आहे याची नोंद होते. पृष्ठभागाजवळ आकडा उत्तम असतो. उन्हाळ्यातल्या कोमट खाऱ्या पाण्यात लिटरमागे सहा-सात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तेवढा किंवा त्याहून थोडा जास्तच तिथे सापडतो. उपकरण खाली जाते तसा आकडा कोसळतो. दोन मिलिग्रॅमच्या खाली गेला, की तळावरून ओढलेल्या जाळ्यात मासळी आणि कोळंबी जवळपास मिळत नाही. काही ठिकाणी तळाशी तो शून्याला टेकतो.

म्हणजे वर प्लवकांची चंगळ आणि खाली गुदमर, दोन्ही एकाच जागी, एकाच दिवशी. हे कसे?

प्लवक ऑक्सिजन सोडतात ते उजेडात, म्हणजे वरच्या थरात. तिथे गरजेपेक्षा जास्त झालेला ऑक्सिजन हवेत निघून जातो. पण प्लवक काही दिवसच जगतात. मेलेल्या पेशी आणि प्लवक खाणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांची विष्ठा तळाशी जाऊन बसते. जिवाणू ती कुजवतात आणि कुजवताना ऑक्सिजन वापरतात. एखादी पेशी वाढताना जितका ऑक्सिजन तयार झाला, साधारण तितकाच ती पूर्ण कुजताना खर्च होतो. जमा वरच्या थरात होते आणि खर्च तळाशी पडतो. ‘निम्मा ऑक्सिजन’ हे विधानही प्रकाशसंश्लेषणातल्या वाट्याबद्दल आहे. समुद्रात तयार होणारा जवळजवळ सगळा ऑक्सिजन समुद्रातच श्वसनात आणि कुजण्यात संपतो. हा अर्धा हिशेब लोक सोडून देतात आणि उरलेल्या अर्ध्यावर बिनधास्त मत ठोकतात, याचा मला खरोखर राग येतो.

तरीही वरचा ऑक्सिजन खाली झिरपला असता तर एवढे बिघडले नसते. पण मिसिसिपीचे गोडे, उबदार पाणी हलके असते. रश्श्यावर तर्री तरंगावी तसे ते समुद्राच्या जड, खाऱ्या पाण्यावर पसरून राहते. उन्हाळ्यात वारा मंद असला की दोन्ही थर मिसळत नाहीत. तळाला नवा ऑक्सिजन मिळत नाही आणि असलेला जिवाणू संपवत राहतात. पोहू शकणारे मासे पळ काढतात. चिखलातले किडे, शिंपले, गोगलगायी कुठे जाणार? तिथे बुडी मारलेल्या पाणबुड्यांनी वरच्या पाण्यात माशांचे थवे आणि तळाशी मेलेले किडे व खेकडे पाहिले आहेत. ऑक्सिजन अगदीच संपला, की चिखलातून सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड येऊ लागतो आणि त्यावर जगणाऱ्या जिवाणूंचे पांढरे थर तळावर पसरतात.

‘हे पूर्वीपासूनच असणार, आता मोजता येते म्हणून कळते,’ हा पुढचा आक्षेप. शंका रास्त आहे, आणि रॅबले व त्यांचे सहकारी यूजीन टर्नर यांनी ती तपासली आहे. समुद्रतळाचा गाळ थरावर थर साचतो. त्याचे उभे नमुने काढून त्यांनी जुन्या थरांतले प्लवकांचे अवशेष आणि कमी ऑक्सिजन सोसणाऱ्या सूक्ष्म जीवांची कवचे अभ्यासली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, १९५० च्या दशकानंतर, प्लवकांची वाढ आणि ऑक्सिजनची टंचाई दोन्ही स्पष्टपणे वाढलेली दिसली. याच काळात अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यात रासायनिक खतांचा वापर झपाट्याने वाढला आणि मिसिसिपीच्या पाण्यातले नायट्रेट सुमारे तिप्पट झाले.

या नदीचे खोरे अमेरिकेच्या मुख्य भूमीचा सुमारे ४१ टक्के भाग व्यापते. आयोवा, इलिनॉय या राज्यांत पाणथळ जमीन पिकाखाली आणण्यासाठी शेताखाली निचऱ्याचे पाइप टाकले आहेत. मका आणि सोयाबीन काढल्यावर अनेक शेते पुढची पेरणी होईपर्यंत उघडी असतात. वसंतात पाऊस झाला, की मातीतले नायट्रेट त्या पाइपांतून थेट ओढ्यात, ओढ्यातून नदीत आणि तिथून आखातात. म्हणून ‘हे सगळे शहरांच्या सांडपाण्याचे पाप’ हेही खरे नाही. सांडपाण्याचा वाटा आहेच, पण अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या २००८ मधील अभ्यासानुसार आखातात पोहोचणारे ७० टक्क्यांहून अधिक नत्र आणि स्फुरद शेतीतून येते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. आखातातल्या २०१० च्या तेलगळतीमुळे हे झाले, असे म्हणणाऱ्यांनी आधीच्या २५ वर्षांचे नकाशे पाहावेत. वादळ आले की प्रश्न मिटतो, हे तात्पुरते खरे. पाणी घुसळले जाते, पण थर पुन्हा जमले की टंचाईही परतते. ऑक्सिजन-टंचाईच्या या पट्ट्याचा आकार ठरलेला नसतो: २०१७ मध्ये तो २२,७२० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या सहापट होता, २०२० मध्ये मोजणीच्या तोंडावर वादळ येऊन गेल्याने तो ५,५०० च्या आसपास भरला. त्यामुळे एका वर्षाचा आकडा दाखवून सुधारणा किंवा सर्वनाश जाहीर करू नये. आणि एकदा मेलेला समुद्र परत येत नाही, हेही चूक आहे. सोव्हिएत राजवट कोसळल्यावर खतांचा वापर एकदम घटला आणि काळ्या समुद्राच्या वायव्य भागातली ऑक्सिजनची टंचाई काही वर्षांतच बरीच ओसरली.

आपल्याकडे मात्र उलट टोकाची चूक होते. कोकण-गोव्याच्या समुद्रात ऑक्सिजन कमी झाल्याची बातमी आली, की लगेच युरियावर खापर फोडले जाते. अरबी समुद्राच्या मधल्या खोलीत ऑक्सिजन मुळातच अत्यल्प आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात ते खोल पाणी किनाऱ्याकडे वर सरकते आणि पावसाचे व नद्यांचे गोडे पाणी त्यावर झाकणासारखे बसते. ही घटना नैसर्गिक आहे. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवले, की या किनारपट्टीवरची टंचाई तीव्र होत असून तिथे नायट्रस ऑक्साइड हा तापमानवाढीचा वायू मोठ्या प्रमाणात तयार होतो. जमिनीवरून येणारे नत्र हे त्याचे एक संभाव्य कारण म्हणून त्यांनी मांडले. संभाव्य कारण आणि सिद्ध कारण यांत फरक आहे. मिसिसिपीचा पुरावा उचलून जसाच्या तसा रत्नागिरीला लावता येत नाही.

मिसिसिपीच्या बाबतीत मात्र कारणाबद्दल शंका उरलेली नाही. तिथल्या केंद्र आणि राज्य सरकारांच्या कृतिदलाने २००१ मध्ये ठरवले, की २०१५ पर्यंत हा पट्टा पाच वर्षांच्या सरासरीने ५,००० चौरस किलोमीटरवर आणायचा. ते जमले नाही म्हणून मुदत २०३५ पर्यंत वाढवली. आजही ती सरासरी उद्दिष्टाच्या दुपटीहून अधिक आहे. खत मोजून आणि वेळेवर घालणे, उघड्या शेतात हिवाळी आच्छादन पीक घेणे, निचऱ्याचे पाणी पाणथळीतून सोडणे, हे उपाय माहीत आहेत. ते बहुतांशी शेतकऱ्याच्या मर्जीवर सोडले आहेत, आणि म्हणूनच ते पुरेशा शेतांपर्यंत पोहोचलेले नाहीत.