लॉजबाहेरचा राजा

इंग्लंडचा तिसरा जॉर्ज 1760 मध्ये गादीवर बसला, तेव्हा राजापूर आंग्र्यांकडून पेशव्यांकडे येऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. 1820 मध्ये तो वारला, तेव्हा पेशवाईच उरली नव्हती. पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफांची मदत करणाऱ्या ज्या इंग्रजांची इथली वखार शिवाजी महाराजांनी 1661 मध्ये लुटली, त्यांचाच अंमल अर्जुना नदीकाठच्या या बंदरावर बसला होता. या साठ वर्षांत राजघराण्याचा फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघटनेशी जो घरोबा वाढला, त्याचा एक धागा थेट राजापूरपर्यंत येतो.

जॉर्ज स्वतः कधीच मेसन झाला नाही. पण त्याचा भाऊ हेन्री 1782 मध्ये ग्रँड मास्टर झाला आणि 1790 मध्ये जॉर्जचा थोरला मुलगा. हा युवराज नावाला, कारभार पाहायचा त्याचा प्रतिनिधी लॉर्ड मॉयरा. फ्रेंच राज्यक्रांतीने धास्तावलेल्या सरकारने 1799 मध्ये गुप्त शपथा घेणाऱ्या संस्थांवर बंदी आणली, तेव्हा मेसनांना सूट मिळवून देण्यात मॉयराचाही पुढाकार होता. अट अशी की सभासदांची यादी दरवर्षी सरकारात द्यायची.

1813 मध्ये राजपुत्रांच्या उपस्थितीत मेसनांची निरोपाची मेजवानी झडली आणि मॉयरा गव्हर्नर-जनरल म्हणून कलकत्त्याला आला. आपल्या इतिहासातला लॉर्ड हेस्टिंग्ज तो हाच. त्याच्याच कारकिर्दीत 1818 मध्ये दुसरा बाजीराव शरण गेला आणि राजापूर कंपनीच्या हाती पडलं. यावरून मेसनांनी पेशवाई बुडवली असं कोणी म्हणू नये. ते युद्ध कंपनीचं होतं. मला सलतं ते वेगळंच.

लॉजमध्ये, म्हणजे मेसनांच्या शाखेत, नव्या माणसाला घेताना डोळ्यांवर पट्टी बांधतात, अंगावरची नाणी आणि धातूच्या वस्तू काढून ठेवायला लावतात. आत आलेला राजा असो की रयत, सगळे बंधू. मुंबईत 1758 च्या सुमारास लॉज निघालं, पण हे बंधुत्व गोऱ्यांपुरतंच राहिलं. पारशी गृहस्थ माणेकजी करसेटजींना मुंबईत नकार मिळाला, म्हणून त्यांनी पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. पुढे 1843 मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांनी स्कॉटलंडच्या सनदेवर ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज काढलं, तेव्हा कुठे मुंबईत देशी माणसांना हे दार उघडलं. तोवर पेशवाई बुडून पंचवीस वर्षं झाली होती.