वाळवंटाला निघालेल्या जुन्या गाडीचे सांधे

आमच्या हुपरी गावातल्या चांदीच्या कारागिरापुढे पैंजणांचा तयार जोड तपासणीसाठी आला, म्हणजे तो आधी त्याची नक्षी पाहत नाही आणि झळाळीही पाहत नाही. दोन्ही हातांच्या चिमटीत साखळी धरून ती कडी-कडीने पुढे सरकवीत जातो, आणि जेथे डाग दिलेला असतो, म्हणजे जेथे टाकणखार आणि डागाची चांदी यांच्या साहाय्याने दोन तुकडे आगीत एकजीव केलेले असतात, तेथे क्षणभर थांबून एक हलकासा हिसका देतो. पैंजण तुटते ते डागाशी तुटते, हे त्याला कोणी ग्रंथातून शिकविलेले नाही. जुनी पिकअप गाडी वाळवंटातील शर्यतीसाठी कशी सिद्ध करतात, हे समजून घेण्याच्या नादाला मी लागलो तेव्हापासून या हिसक्याची आठवण मला वारंवार होत आली आहे. कारण बाहेरून पाहणाऱ्याला ते काम इंजिनाची ताकद वाढविण्याचे वाटत असले, तरी जाणत्या मेस्त्रीचे तीन चतुर्थांश श्रम गाडीचे डाग हुडकण्यात, म्हणजे ती कोठे तुटेल याची आगाऊ खातरजमा करण्यात खर्ची पडतात.

या कुतूहलाला निमित्त घडले ते २०२५च्या जानेवारीत. पुण्याचे रॅलीचालक संजय टकले यांनी त्या वर्षीच्या 'डकार क्लासिक'मध्ये टोयोटाच्या लँड क्रूझर ७० मालिकेतील गाडी उतरविली, आणि सौदी अरेबियातील बिशा येथून ३ जानेवारीस निघून १७ जानेवारीस रुब-अल-खालीच्या अफाट वालुकाप्रदेशात शुबयता येथे समाप्त झालेली ती मोहीम तडीस नेली. डकार हे सेनेगलच्या राजधानीचे नाव सौदी वाळूत कसे आले, याचा इतिहास थोडक्यात असा: तिएरी साबीन नावाचा फ्रेंच मोटारसायकलस्वार १९७७ साली लिबियाच्या वाळवंटात वाट चुकला, दैवयोगाने बचावला, आणि ज्या वाळवंटाने त्याला मृत्यूच्या उंबरठ्यापर्यंत नेले होते त्याचाच ध्यास घेऊन त्याने २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून डकारकडे पहिली रॅली काढली. पुढे आफ्रिकेतील अशांततेमुळे ही शर्यत २००९ साली दक्षिण अमेरिकेत गेली आणि २०२० पासून अरबस्तानात स्थिरावली. तिच्याच बरोबरीने, मुख्यतः १९८० आणि १९९०च्या दशकांतील गाड्यांसाठी, २०२१ पासून क्लासिक भरते. येथे सर्वांत आधी पोहोचणारा जिंकत नाही; ठरवून दिलेली सरासरी गती जो मैलोगणती काटेकोर राखील, मागेही पडणार नाही आणि पुढेही धावणार नाही, त्याच्या नावावर कमीत कमी दंडगुण पडतात आणि तो वर चढतो. वृद्ध यंत्राच्या प्रकृतीला मानवेल असा, आणि चालकाच्या संयमाची पूर्ण कसोटी पाहणारा असा हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो.

अमेरिकेच्या बाजूने वाळवंटासाठी गाडी सिद्ध करण्याच्या विद्येचा उगम मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात आहे. १९६७ साली तेथे झालेली पहिली 'मेक्सिकन १०००' शर्यत व्हिक विल्सन आणि टेड मँगल्स यांनी २७ तास ३८ मिनिटांत जिंकली, आणि ती कोणत्याही बलाढ्य वाहनातून नव्हे, तर फोक्सवॅगनच्या साध्या सांगाड्यावर फायबरचे हलके अंग चढविलेल्या मेयर्स मँक्स नावाच्या बग्गीतून. दोनच वर्षांनी रॉड हॉल आणि लॅरी मायनर यांनी चारही चाकांना शक्ती देणाऱ्या फोर्ड ब्रॉन्कोतून तेथे सर्व वाहनांत प्रथम क्रमांक मिळविला. त्याच वाटेवर जुन्या गाड्यांची स्वतंत्र शर्यत २०१० पासून पुन्हा सुरू झाली आहे. आपल्याकडे २००३ पासून राजस्थानात 'डेझर्ट स्टॉर्म' ही रॅली सुरू झाली आणि थरच्या वाळूची ओळख भारतीय चालकांना तिने करून दिली.

आता गाडीकडे वळू. जुन्या पिकअपचा पाया म्हणजे तिची चासी: दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे, एखाद्या शिडीसारखे. पहिले काम म्हणजे या शिडीवरून केबिन, हौदा, इंजिन, सारे उतरवून ती उघडी करणे आणि वर्षानुवर्षांचा रंग, गंज व ग्रीसचा थर खरवडून नागडे पोलाद डोळ्यांसमोर आणणे. मग कमानपाट्यांचे ब्रॅकेट, स्टिअरिंगचा डबा जेथे बसतो ती जागा, आडव्या दांड्यांचे कोपरे आणि रिव्हेटची छिद्रे यांच्यावर लाल रंगाचे पातळ द्रव्य लावतात, ते पुसून घेतात आणि वर पांढरी भुकटी फवारतात. तडा असेल तर त्यात शिरून बसलेले लाल द्रव्य भुकटीवर केसासारखी रेघ काढून बाहेर येते. त्या रेघेचे मूळ धातूच्या थकव्यात असते. चांदीची तार दोन बोटांत धरून एकाच जागी वीस वेळा इकडे-तिकडे वाकविली, तर ती आधी ताठ होते आणि मग अचानक तुटते, हे आमच्या गावातल्या दहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असते. चासीला नेमके तेच, फक्त लक्षावधी वेळा आणि दृष्टीला न जाणवेल इतक्या सूक्ष्म प्रमाणात, भोगावे लागते.

तडा सापडला की नवशिका मनुष्य त्यावर जाड पट्टी ठोकून वेल्डिंग करतो आणि काम संपले असे समजतो. येथेच विद्येचा खरा भेद आहे. सोनार-चांदीवाल्याच्या डागात मूळ चांदी वितळत नाही. तिचा वितळबिंदू ९६२ अंशांच्या आसपास, आणि डागाची मिश्रचांदी त्याहून कमी उष्णतेला वाहू लागते. वेल्डिंगमध्ये मात्र मूळ पोलादच वितळते, आणि वितळलेल्या रेषेच्या लगतचा पट्टा आगीने आपला मूळचा स्वभाव गमावून बसतो. त्या बदललेल्या पट्ट्यावर जर जाड पट्टीची सरळ आडवी कड आली, तर सारा ताण त्या एका रेषेवर साचतो आणि नवा तडा पट्टीच्या शेजारीच जन्म घेतो. म्हणून जाणता मेस्त्री पट्टीची टोके निमुळती, माशाच्या शेपटीसारखी कापतो आणि वेल्डिंगची रेषा तुळईला आडवी न जाता तिच्या लांबीने जावी अशी तजवीज करतो, म्हणजे लवचिक भागाकडून ताठ भागाकडे ताण हळूहळू सरकतो. चालकाच्या भोवती जो पोलादी नळ्यांचा पिंजरा उभारतात, तोही याच न्यायाने: नळीचा पाय पातळ पत्र्यावर न टेकता रुंद पट्टीवर बसवितात आणि कोपऱ्यांत त्रिकोणी आधार देतात.

कमानपाट्यांविषयी मला थोडे सविस्तर सांगितलेच पाहिजे, कारण त्यांचा धडा मी स्वतः घेतलेला आहे. आमच्या घरी एक जुनी पिकअप होती. माल आणि माणसे दोन्ही तिच्या हौद्यातून जात. एका हंगामात उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांनी उखणून काढलेल्या रेंदाळच्या वाटेवर तिचा मागचा मुख्य पाटा तुटला, आणि तुटला तो मधोमध, जेथे सर्व पाट्यांना एकत्र ओवणारा बोल्ट जातो त्या छिद्रातून. मी ओझ्याला दोष दिला. मेस्त्री खाली शिरला, यू-बोल्टच्या नटावर पाना लावला, आणि पाना सहज दीड आटा फिरला. "पाटा वजनानं नाही तुटला, यू-बोल्ट ढिला होता," तो म्हणाला. घट्ट आवळलेले यू-बोल्ट पाट्यांचा मधला भाग आसावर असा जखडून ठेवतात की छिद्रापाशी पाटा वाकतच नाही. ते ढिले पडले की सारी वाकण छिद्रावर येते, आणि छिद्र हा तर पाट्याचा सर्वांत दुबळा अवयव. तुटलेल्या कडा मी हातात घेऊन पाहिल्या: अर्धी कड जुनी, काळपट आणि गुळगुळीत, अर्धी ताजी, चकचकीत आणि रवाळ. म्हणजे तडा कित्येक आठवडे आमच्याबरोबर प्रवास करीत होता.

वाळवंटासाठी मेस्त्री मोजक्या जाड पाट्यांऐवजी अधिक संख्येने पातळ आणि लांब पाटे निवडतो. ओझे तेवढेच पेलले जाते, पण चाकाला वर-खाली जायला मोकळीक मिळते. परंतु ही मोकळीक मिळाली की तिला आवर घालणारा शॉकॲब्सॉर्बर हा पुढचा प्रश्न उभा राहतो. पाटा उसळतो, आणि शॉक आतील तेलाला बारीक छिद्रांतून ढकलून त्या उसळीची उष्णता करतो. सडकेवर ही उष्णता वाऱ्यावर निघून जाते. वाळवंटातील लागोपाठच्या उंचवट्यांवर मात्र ती साचत जाते, तेल पातळ होते, त्यात फेस धरतो, आणि तासाभरात तो शॉक निव्वळ एक पोकळ नळी होऊन राहतो. यावर उपाय म्हणून प्रत्येक चाकाला दोन-दोन शॉक देतात, किंवा तेलाचा साठा वाढविणारी वेगळी टाकी जोडून त्यात नायट्रोजन वायूचा दाब ठेवतात, ज्यायोगे फेस धरत नाही. त्याच्या जोडीला वरच्या टोकाला रबरी ठोकळा आणि खालच्या टोकाला मजबूत पट्टा असतो, म्हणजे गाडी हवेतून खाली आली तरी आस चासीवर आदळत नाही आणि चाक लोंबकळून शॉकला उपटत नाही.

धुळीचा विषय निघाला की मला कोल्हापूरच्या ओतशाळा आठवतात. उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथे जी वाळू साच्यात बसून वितळलेल्या लोखंडाला आकार देते, त्याच जातीची वाळू इंजिनात शिरली तर त्याच लोखंडाचा काळ ठरते. वाळूचा कण बहुतांशी गारगोटीचा, आणि गारगोटी साध्या पोलादाहून कठीण. हवेबरोबर आत गेलेला प्रत्येक कण पिस्टनच्या कड्यांना आणि सिलिंडरच्या भिंतीला घासत जातो. म्हणून हवेचे तोंड बॉनेटच्या वर, छपराच्या उंचीवर नेतात; तेथे आधी हवेला भोवऱ्यासारखे फिरवून जड धूळ बाहेर फेकतात आणि मग ती फिल्टरमधून गाळून घेतात. टोयोटाच्या ७० मालिकेतील अनेक गाड्यांत बसविलेले ४.२ लिटरचे सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन या कामाला लौकिकास पात्र ठरले, ते त्याच्या शक्तीमुळे नव्हे: त्याला टर्बो नाही, त्याचा डिझेलपंप यांत्रिक आहे, आणि ते बिघडले तर पाना आणि अनुभव यांच्या आधारे वाळूत बसून दुरुस्त करता येते. आपल्याकडे १९८८ साली पुण्यात तयार होऊ लागलेल्या टाटामोबाइल पिकअपच्या डिझेल इंजिनाचाही स्वभाव असाच सोशिक होता.

टायरांची हवा हा या साऱ्या सिद्धतेतला बिनखर्ची, पण सर्वांत परिणामकारक भाग आहे. सडकेवर ३५ पौंड असणारी हवा मऊ वाळूत १५ पौंडांवर आणतात, म्हणजे टायर पसरतो, जमिनीवरचा त्याचा ठसा लांबट होतो आणि गाडी वाळू खणण्याऐवजी तिच्यावरून तरंगत जाते. अर्थात इतक्या कमी हवेत एकदम वळण घेतले तर टायर रिमवरून निसटतो, म्हणून त्याची कड कड्याने जखडणारी रिम वापरतात. याशिवाय फावडे, वाळूत चाकाखाली घालायच्या पट्ट्या, दोन स्टेपन्या आणि पुरेसे पिण्याचे पाणी एवढे ओझे अटळ असते, आणि म्हणून बाकीचा प्रत्येक अनावश्यक किलो काढून टाकावा लागतो.

कायद्याची बाजू वाचकांनी ध्यानात घ्यावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२ने नोंदणीच्या दाखल्यात नमूद असलेल्या मूळ रचनेत फेरफार करण्यास मज्जाव केला आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली त्यावर स्पष्ट शिक्कामोर्तब केले आहे. ज्या गाडीत पिंजरा घातला, पाटे बदलले आणि इंधनाची टाकी हलविली, ती शर्यतीची गाडी म्हणून दुसऱ्या वाहनावर लादूनच न्यावी, आणि चालकाने भारतीय मोटर स्पोर्ट्स क्लब महासंघाचा परवाना रीतसर घ्यावा. सार्वजनिक रस्त्यावर तिची परीक्षा घेण्याचा मोह निक्षून टाळला पाहिजे. त्या रस्त्यावरून शाळेची मुलेही जातात.

सर्व जोडणी झाल्यावर अखेरचे काम हलके वाटते, पण मला ते विशेष प्रिय आहे. प्रत्येक महत्त्वाचा नट ठरलेल्या ताकदीने आवळल्यावर मेस्त्री पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढतो, जी नटावरून सरळ चासीवर उतरते. मग गाडी खासगी माळावर शे-दीडशे किलोमीटर खडबडीत पळवून आणतात, थंड होऊ देतात, आणि मेस्त्री बॅटरी घेऊन खाली आडवा होतो. ज्या नटावरची रेघ तुटून दोन झाली आहे, तो नट सैल झाला. माझ्या पिकअपच्या नव्या यू-बोल्टांवरही त्याने अशाच चार रेघा ओढल्या होत्या आणि आठवड्याने गाडी परत आणायला सांगितले होते. मी आणली. चारांपैकी एका नटावरची रेघ गव्हाच्या दाण्याएवढी सरकली होती. त्याने पाना लावला, पाव आटा दिला, जुनी रेघ पुसली आणि नवी ओढली.