खांबावरच्या चिनी मातीच्या वाट्या

मृगाचा पहिला पाऊस आला की अकोला-अमरावतीकडे अनेकदा वीज जाते. दोष एकट्या पावसाचा नाही. खांबावरच्या इन्सुलेटरवर, म्हणजे चिनी मातीच्या वाट्यांवर, उन्हाळाभर धूळ साचते. ती भिजली की वीज तिच्यावरून खांबात उतरू पाहते.

म्हणूनच या वाट्यांना छत्रीसारखा घेर असतो. पाणी वरून निथळते, घेराखालची बाजू कोरडी राहते आणि विजेची वाट लांबते. दाब जास्त, तितक्या वाट्या जास्त. पारसहून निघणाऱ्या मोठ्या तारांना तर त्यांची माळच दिसते. पण पोरांच्या गुलेरीचा एक खडा घेराचा टवका उडवतो आणि सारी योजना वाया जाते.

खांबाच्या ताणातही अंड्याच्या आकाराचा इन्सुलेटर असतो. त्यात वरची व खालची तार एकमेकींत गुंतवलेली असते. तो फुटला तरी ताण सुटत नाही, मात्र वीज खाली येऊ शकते. आणि त्याच ताणाला बांधलेले बैल मी गावोगावच्या फेऱ्यांत आजही पाहतो!

तेव्हा ताणाला जनावर बांधू नका. वाटी फुटलेली दिसली तर स्वतः खांबावर चढू नका. महावितरणच्या लाइनमनला कळवा. पोरांनाही बजावा, गुलेर बोरीखाली चालवा, खांबाखाली नको.